चंद्रीच्या वाटणीची टोकं

बदलापुरातल्या खरवईच्या शिवार हाइट्समध्ये अठ्ठावीस बिऱ्हाडं राहतात आणि एक शेळी राहत नाही. पण तिथल्या कुणालाही विचारून बघा. शेजारच्या फ्लॅटवाल्याचं आडनाव त्याला आठवायचं नाही, शेळीचं नाव मात्र तो झोपेतसुद्धा सांगेल. चंद्री. तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुबाईंची चंद्री. चार वर्षांत तिने कधी मेंटेनन्स थकवला नाही, पार्किंगवरून भांडण काढलं नाही, की गच्चीवरची कुणाची चादर ओढली नाही. इतका सभ्य सभासद सोसायटीला पुन्हा मिळायचा नाही. आणि त्याचं कारण एवढंच, की चंद्री चार वर्षांपूर्वीच म्हसा गावच्या जत्रेत विकली गेली होती.

हे गुपित जगात तिघांना ठाऊक होतं. इंदुबाईंना, त्यांच्या सुनेला विनिताला, आणि चंद्रीला. मुलालाही ठाऊक होतं, पण तो कामावरून येऊन जेवून झोपायचा, म्हणून त्याला धरलेलं नाही.

बिल्डिंग उभी आहे तिथे आधी इंदुबाईंची भाताची खाचरं होती. लिफ्टचा खड्डा तर नेमका त्यांच्या खळ्यावर आलाय. फ्लॅटमध्ये राहायला येताना त्या चार पातेली, एक विळी आणि चंद्री एवढंच घेऊन आल्या. चंद्रीला पंपरूमच्या मागे बांधलं. पहिल्या आठवड्यात तिने तीन पायपुसणी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात केबलची वायर. तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी कैलासरावांनी बोर्डावर नोटीस लावली, ‘सोसायटीत जनावरे पाळू नयेत’, आणि चंद्रीने ती नोटीस टाचण्या तेवढ्या वगळून फस्त केली. मग मीटिंग झाली, ठराव झाला, आणि इंदुबाई चंद्रीला घेऊन म्हशाला गेल्या. परत आल्या त्या नुसतं दावं हातात घेऊन.

गेटवर कुणीतरी विचारलं, “आजी, शेळी कुठे पाठवली?”

विकली म्हणाल्या असत्या तर तिथेच रडू फुटलं असतं, आणि फ्लॅटवाल्यांसमोर रडायचं म्हणजे लाज. इंदुबाई म्हणाल्या, “हेंद्रेपाड्याला ठेवली. ननंदेकडं.”

झालं. एवढंच खोटं. राईएवढं म्हणा ना. पण खोट्याला पाणी घालावं लागत नाही, ते दवावर वाढतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पाचव्या मजल्यावरच्या पुतळाबाई डबा घेऊन दारात उभ्या. पुतळाबाई देशावरच्या. नाक सरळ, बोलणं त्याहून सरळ, आणि घरात शिळ्याचा वाससुद्धा चालत नाही अशी ख्याती. “आजी, हे घ्या. ब्रेडची टोकं आहेत. आमच्यात कुणी खात नाही. नणंदेकडे जाल तेव्हा शेळीला घाला.”

आता ब्रेडच्या पुड्याला दोन टोकं असतात आणि ती आवडीने खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे जगात सगळीकडे सारखंच. इंदुबाई खरं सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी डब्यात पाहिलं. चौदा टोकं. वाळलेली, करकरीत, बुरशीचा ठिपका नाही. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि म्हणाल्या, “घालते हो.”

पण इथेच त्यांचा हात बांधला गेला. इंदुबाईंच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवलेलं नाही. काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतील, पण रिकामं नाही. डबा परत करायचा तर आत काय घालायचं? घरात सत्यनारायणाची दोन केळी काळी पडलेली, अर्धी नारळाची वाटी, गुळाचा खडा. आणि ती चौदा टोकं.

इंदुबाईंना आईचं धोंडस आठवलं. काकडी किसायची, तांदळाचा रवा, गूळ, नारळाचं दूध. पातेल्यात हळदीचं पान अंथरून वर ते ओतायचं. चुलीवर पातेलं, पातेल्यावर झाकण, आणि झाकणावर निखारे. खाली आग, वर आग, मधे धोंडस. त्यांनी रव्याच्या जागी पावाचा चुरा घातला, काकडीच्या जागी केळी, वेलची-जायफळ किसलं, आणि वर-खाली आग देणारा विनिताचा ओव्हन नुकताच घरात आला होता, त्यात ते पातेलं ढकललं. तासाभराने जिन्यात असा वास सुटला, की चौथ्या मजल्यावरचा भांडणारा नवरा-बायकोचा जोडा मधेच थांबून विचारात पडला, आपण कशावरून भांडत होतो?

पुतळाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “आजी! हा केक तुम्ही केलात?”

“धोंडस हाय.”

“असेल. पण केक छान झालाय.”

दुसऱ्या दिवशी टोकांचे दोन डबे आले. महिन्याने सात. वर्षाने एकवीस. टोकं यायची शेळीच्या नावाने, आणि डब्यातून केक परत जायचा इंदुबाईंच्या नावाने. मधली गंमत कुणी विचारली नाही, आणि न विचारलेलं सांगायची इंदुबाईंना खोड नव्हती. पावाची टोकं वाटून चटणीत गेली, भिजवून थालीपिठात गेली, कांद्याच्या भज्यांना त्यांच्यामुळे अशी कुरकुर आली की खाणाऱ्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येईना. पण खरा मान धोंडसाचा.

खाचरं गेली त्या वर्षी इंदुबाईंना वाटलं होतं, आता आपल्या दारात कोण कशाला येईल? फ्लॅटवाले त्यांना ‘त्या गाववाल्या आजी’ म्हणायचे, तेही लांबून. आता दिवसातून वीस वेळा बेल वाजायची. “केकवाल्या आजी आहेत का?” बेल वाजली की म्हातारीच्या चालीत नवरीचा तोरा यायचा.

विनिता अंबरनाथ पूर्वेला एका क्लिनिकच्या काउंटरवर बसायची. तिला हिशेब पक्का कळायचा. ती म्हणायची, “आई, एक दिवस ही शेळी तुम्हाला शिंगावर घेणार.”

“नसलेल्या शेलीला शिंगं कुटली गो?” इंदुबाई म्हणायच्या.

तिकडे चंद्रीची कीर्ती वाढत होती. कुणी म्हणे ती दोन लिटर दूध देते. कुणी म्हणे तिला ब्राउन ब्रेड चालत नाही, मैदाच लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर तिला हेंद्रेपाड्यात प्रत्यक्ष पाहिली होती. “काय तब्येत आहे! मला ओळखलंन् तिने,” ते शपथेवर सांगत. इंदुबाई हे ऐकायच्या आणि त्यांना स्वतःलाच वाटायचं, एकदा जाऊन बघून यायला पाहिजे.

आणि मग शिंगं उगवली.

झालं असं, की एका मंडळाने ‘कचरामुक्त सोसायटी’ अशी स्पर्धा काढली. कैलासरावांना फॉर्म भरायचा भारी सोस. फुकटचा फॉर्म दिसला की त्यांचं पेन आपोआप उघडतं. ‘उरलेल्या अन्नाचे आपण काय करता?’ या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आमच्या सभासद श्रीमती इंदुबाई यांची चंद्री नामक शेळी सदर अन्न ग्रहण करते.’

उत्तर आलं. परीक्षक येणार. शुक्रवारी दुपारी चारला. शेळी पाहायला.

कैलासराव नाचतच तिसऱ्या मजल्यावर आले. “आजी, शुक्रवारी चंद्रीला घेऊन या! सोसायटीची इज्जत आता तिच्या पायांवर उभी आहे. चार पायांवर!”

इंदुबाईंनी दाराची चौकट धरली. “ती लांबचा परवास सोसत नाय.”

“आजी, हेंद्रेपाडा ते खरवई म्हणजे काय काशीयात्रा आहे? पूल ओलांडला की आलं.”

ते गेल्यावर इंदुबाई पाटावर बसल्या. विनिता संध्याकाळी आली तरी तिथेच.

“सांगून टाका ना खरं,” विनिता म्हणाली.

“काय सांगू? चार वरसं शेलीचं खाद्य मानसांना चारलं म्हनून? ती पाचव्या माल्यावरची शिल्याच्या वासानं नाक धरते. पाय टाकंल कं ती परत माज्या दारात? कुनीच येनार नाय. बेल गंजंल बेल.”

खरंच होतं ते. जी बेल शेळीने वाजवायला लावली, ती शेळीबरोबरच बंद होणार.

शुक्रवारी सकाळी इंदुबाई हेंद्रेपाड्यात नणंदेच्या, गोजरबाईंच्या, अंगणात हजर झाल्या. “गोजर, एक शेली दे दिवसापुरती.”

गोजरबाई तंबाखू मळत होत्या. “शेल्या गेल्या डोंगराला चरायला. सांजच्याला येतील. बोकड हाय एक, नवसाचा. त्याला नेतेस तर ने, पन त्याच्या केसाला धक्का लागला तर देवीला तू उत्तर देशील.”

“अगो, मला शेली पायजे!”

“फ्लॅटवाल्यांना काय कलतंय? दाडी दोगांना पन असते.”

अडला हरी. बोकड निघाला. नाव त्याचं सरदार. रंग काळा, नजर फौजदाराची. रिक्षावाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, शेअरमध्ये बसवायचा तर एक सीट त्याची.” सरदार कोपऱ्याची सीट धरून बसला. पुलावर मधे एक बाई रिक्षात चढल्या, त्यांना त्याने सरकून जागासुद्धा दिली. खोटं वाटत असेल तर हेंद्रेपाड्याच्या स्टँडवर विचारा. तो रिक्षावाला अजून सांगतो, तसा समंजस पॅसेंजर पुन्हा बसला नाही.

बोकड पंपरूमपाशी बांधून इंदुबाई वर आल्या. परीक्षकांपुढे ठेवायला धोंडस करायचं होतं. चुरा कालवला, पातेल्यात ओतला, ओव्हनचं बटण फिरवलं. दिवा लागेना. पुन्हा फिरवलं. मग लक्षात आलं. शुक्रवार! शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे बदलापुरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, आणि चारची वेळ ठरवताना कैलासरावांच्या मात्र ध्यानात आलं नाही.

खालची आग होती, गॅस होता. वरची आग कुठून आणायची? निखारे हवे. अख्ख्या शिवार हाइट्समध्ये निखारा एकाकडेच. जिन्याखाली रघु इस्त्रीवाला बसायचा, कोळशाची पितळी इस्त्री घेऊन. दोन हातांनी उचलावी लागते अशी.

“रघु, इस्त्री दे घटकाभर.”

“आजी, कपडे वर आणून देतो ना करून.”

“कपडे नाय. केकाला करायचीय.”

रघुने कान साफ केला. पण म्हातारीचा चेहरा बघून त्याने इस्त्री उचलली, नवे कोळसे भरले, आणि तीन मजले चढून ती पातेल्याच्या झाकणावर ठेवली. ठेवतानाच म्हणाला, “कैलास साहेबांचा पांढरा शर्ट राहिलाय. साडेतीनला द्यायचाय. परीक्षक येतायत.”

“तोवर हुईल.”

पाऊण तास खालून गॅस आणि वरून इस्त्री. रघु शेजारी उभा, मधून मधून इस्त्रीला वारा घालत होता. धोंडस फुगलं, फुगून झाकणाला टेकलं, आणि गुळाची एक तार झाकणाच्या कडेने वर येऊन इस्त्रीच्या बुडाला लागली. रघुने ओल्या फडक्याने बूड पुसलं. गूळ निघाला. वास काही निघाला नाही.

चार वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सगळी सोसायटी जमली. कैलासराव कडक पांढऱ्या शर्टात इकडून तिकडे करत होते आणि जातील तिथे वेलचीचा दरवळ सोडत होते. “साहेब, कुठला सेंट?” दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा.

परीक्षक म्हणून आल्या त्या जिज्ञासा मॅडम. वयाने तरुण, हातात वही, आणि नावाला जागणाऱ्या. त्यांच्याबरोबर हार, शाल आणि श्रीफळ घेऊन एक गृहस्थ आले होते. ते सबंध वेळ काही बोलले नाहीत.

“हीच का चंद्री?” मॅडमनी विचारलं.

पुतळाबाई पुढे वाकल्या. देशावरचं माणूस, जनावर ओळखतंच. “इंदुबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “अहो, हा बोकड आहे.”

सगळ्यांनी इंदुबाईंकडे पाहिलं. म्हातारीने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. “यो तिचा मालक. ती बालंतपनाला म्हायेरी गेली.”

“माहेर कुठलं?” मॅडम वहीत लिहायला लागल्या.

“म्हसा.”

हे मात्र बरंचसं खरं होतं.

“बरं. मग हेही पाव खातात ना?”

“तर!” कैलासरावांनी छाती काढली. “अहो, रोजची एकवीस डबे टोकं! आणा रे!”

टोकांची परात सरदारपुढे ठेवली. त्याने वास घेतला. तोंड फिरवलं. पुन्हा पुढे केली. त्याने परातीत एक पाय ठेवला आणि आभाळाकडे बघत उभा राहिला. नवसाचा बोकड तो, गोजरबाईंनी त्याला चारली होती बाभळीची शेंग आणि वडाचा पाला. वाळका पाव त्याच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता.

“लाजतायत,” कैलासराव म्हणाले. “बायको नाही ना बरोबर.”

आणि ते समजवायला जवळ गेले. सरदारचं नाक हललं. वेलची. जायफळ. भाजलेला गूळ. त्याने कैलासरावांच्या शर्टाचं टोक अलगद दातात धरलं आणि चघळायला सुरुवात केली. कैलासरावांनी ओढलं. सरदारने ओढलं. शर्टाने दोघांचाही मान राखला आणि अर्धा-अर्धा झाला.

“कापड पण खातात,” मॅडमनी नोंद केली. “छान. म्हणजे सुका कचरासुद्धा.”

तेवढ्यात विनिताने धोंडसाचं ताट फिरवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती बिचारी, सासूची शोभा बघायला. लोकांचं लक्ष शर्टावरून ताटावर गेलं. मॅडमनी एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला. “हे कुणी केलं?”

“आमच्या आजींनी,” पुतळाबाई अभिमानाने म्हणाल्या, दोन तुकडे एकदम घेत. “असं आहे मॅडम, शिळं असेल ते सगळं शेळीला आणि ताजं ते माणसाला. आमच्या सोसायटीत शिळं खाणं म्हणजे… शीः!”

इंदुबाईंच्या कपाळाची एक शीर उडाली. पण निभावलं होतं. बेल वाचली होती. आता चहा होईल आणि हे जातील.

मॅडम उठल्या. “आम्हाला वाटतं, या सोसायटीला ‘कचरामित्र’ हा विशेष मान द्यावा. खरं श्रेय त्या शेळीचं. ती नाही, तर तिच्या वतीने यांचा सत्कार करू या.” न बोलणाऱ्या गृहस्थांनी पुढे होऊन सरदारच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पाठीवर शाल पांघरली. पुढ्यात श्रीफळ ठेवलं. टाळ्या वाजल्या.

सरदारने हाराचं पहिलं फूल खाल्लं आणि इंदुबाईंकडे असं पाहिलं, जणू चार वर्षं टोकं त्यानेच कुस्करली होती.

हे मात्र म्हातारीला सोसलं नाही. अहो, खोटं बोलणं सोसतं, पकडलं जायची भीती सोसते, पण आपल्या हातच्या स्वयंपाकाचं नाव बोकडाला मिळालेलं कुठल्या बाईला सोसेल?

“थांबा!” इंदुबाई कडाडल्या. “काडा तो हार! काडा त्याच्या गल्यातून! त्यानं काय केलं? एक टोक तरी तोंडात घातलं कं त्यानं? चार वरसं उनात वालवून, कुस्करून, गूल घालून, जायफल किसून माज्या बोटांची सालं गेली, आन शाल याला?”

“आजी, काय म्हणताय?” कैलासराव उरलेला शर्ट पोटावर धरत म्हणाले.

“चंद्रीला इकून चार वरसं झाली! शेली नाय, बिली नाय. तुमची टोकं तुमीच खाल्ली. केकात खाल्ली, भज्यांत खाल्ली, चाटून खाल्ली! आन शिलं म्हनू नका त्याला. भाकर वालली म्हनून ती कचरा नाय हुत. हात नसलेल्याच्या घरी ती कचरा हुते.”

पार्किंगमध्ये सरदारचं फूल चावणं तेवढं स्पष्ट ऐकू येत होतं. पुतळाबाईंच्या तोंडात तिसरा तुकडा होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी त्यांनी तो गिळला आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, “मागच्या दिवाळीत मी हा केक माझ्या विहिणीकडे नेला होता.”

“मग?” विनिताने विचारलं.

“मी केला म्हणून सांगितलं.”

मागून कुणीतरी खोकलं. ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. “पण मी तिला पाहिली होती,” ते पुटपुटले, आणि मग त्यांनीही खाली पाहिलं. मॅडमनी वही मिटली. न बोलणाऱ्या गृहस्थांनी शाल काढायचा प्रयत्न केला, पण सरदारने शिंगं दाखवली, म्हणून ती राहू दिली. नवसाच्या बोकडाला शाल चढली हे ऐकून गोजरबाईंनी पुढे सबंध हेंद्रेपाड्याला पेढे वाटले, ती वेगळी गोष्ट.

शनिवारी सकाळी इंदुबाई उठल्या, दार उघडलं. एकही डबा नाही. बेल वाजली नाही. रविवारी वाजली, तो गॅसवाला होता. विनिता म्हणाली, “आई, चहा घ्या.” इंदुबाई म्हणाल्या, “ठेव.” चहाला साय आली तरी त्या दाराकडे बघत बसलेल्या. जाळून घेतला आपणच आपला हात. आता फुंकर कोण घालणार?

सोमवारी दहा वाजता बेल वाजली.

दारात पुतळाबाई. हातात डबा नव्हता, सीलबंद पुडा होता. ताजा, मऊ, त्याच दिवशीची तारीख.

“घ्या,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “केकासाठी. आमच्या ह्यांनी तीन दिवस जेवण गोड मानलं नाही. शेळीला टोकं देत होतो, आता माणसाला कशी देऊ? म्हटलं, द्यायचा तर चांगला पाव द्यावा.”

त्यांच्या मागे जिन्यात आणखी सात जण उभे होते. कुणाकडे दुधाचा ब्रेड, कुणाकडे लादीपाव, एकाकडे तर तीळ लावलेला, बटर पेपरात गुंडाळलेला. इंदुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पदराला पुसत त्या पुडे घेऊन आत गेल्या आणि कामाला लागल्या.

आणि धोंडस बिघडलं. साफ बिघडलं. ताजा पाव तो, कुस्करला की चुरा होईना, गोळा होईना, नुसता लगदा. दूध घातलं तर खळ झाली. भाजलं तर वरून जळालं, आत गिचका. चौथ्या मजल्यावर वास गेला आणि तिथलं भांडण पुन्हा सुरू झालं. कैलासरावांनी वाया गेलेल्या त्या लगद्याने बोर्डावर एक नोटीस चिकटवली. ती आज वर्ष झालं तरी निघत नाही, मजकूर रद्द झाला तरी.

“शिलंच पायजे,” इंदुबाईंनी पुतळाबाईंना समजावलं. “वाललेली टोकं. दोन-तीन दिवसांची.”

“छे, छे!” पुतळाबाईंनी कानांवर हात ठेवले. “माणसाच्या दारात शिळं घेऊन जायचं? माझा हात नाही धजणार, इंदुबाई. घरी वीस टोकं जमलीत. पण देऊ कुणाला?”

“मला दे ना बाय.”

“तुम्हाला कशी देऊ!”

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. एकीकडे टोकं, एकीकडे पातेलं, आणि मधे दोघींच्याही आयांनी लावलेलं वळण. केवढा मोठा पेच! सेक्रेटरीने मीटिंग घेऊन सुटण्यातला नव्हता.

इंदुबाई आत गेल्या. माळ्यावरून एक गाठोडं काढलं. त्यात चार वर्षांपूर्वी म्हशाहून आणलेलं दावं होतं, घुंगराची माळ अजून तशीच. ते घेऊन त्या सावकाश तीन मजले उतरल्या. पुतळाबाई मागोमाग. पंपरूमच्या मागच्या कडीला इंदुबाईंनी दावं बांधलं, दोनदा ओढून गाठ पक्की केली, समोर पाण्याचं घमेलं ठेवलं.

“हे काय?” पुतळाबाईंनी विचारलं.

“चंद्री आली.”

पुतळाबाईंनी दाव्याकडे पाहिलं. दाव्याचं दुसरं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. मग त्यांनी इंदुबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कधी?” त्या म्हणाल्या.

“कालच्याला. बालंतपन झालं तिचं.”

“दिसत नाही ती.”

“चरायला गेलीय.”

“हां, हां.” पुतळाबाईंनी मान डोलावली. सरळ नाक थोडंसं हललं, पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. “बाळंतीण आहे म्हणजे भूक जास्त असेल. थांबा, टोकं घेऊन येते.”

त्या लगबगीने जिन्याकडे निघाल्या. दोन पायऱ्या चढून थांबल्या, मागे वळल्या, आणि दाव्याच्या दिशेने आवाज जरा चढवून म्हणाल्या, “आणि चंद्रीला सांगा हो, मागच्या खेपेला जायफळ थोडं जास्त झालं होतं.”